थाळनेरच्या किल्लेदाराला फाशी देणाऱ्या सेनापतीची सही: शोधापासून घरी येईपर्यंत

सर थॉमस हिस्लॉप हे नाव आज लंडनमध्येही कुणाला चटकन आठवणार नाही. आमच्या शिरपूर तालुक्यात मात्र तापीकाठच्या थाळनेरच्या किल्ल्याचा विषय निघाला, की किल्लेदाराच्या फाशीचा विषय निघतोच. ती फाशी देणारा सेनापती म्हणजे हा हिस्लॉप. त्याच्या हातची सही असलेला एक कागद मी मिळवला. २०२३च्या पावसाळ्यात शोध सुरू केला आणि २०२५च्या जानेवारीत कागद घरी आला. मधल्या काळात लिलाव, परदेशी दुकानदार, निर्यात परवाना, बँक, कस्टम असं सगळं पार करावं लागलं. सुरुवात करताना या वाटेबद्दल मराठीत कुणी लिहिलेलं मला सापडलं नव्हतं, म्हणून घडलं तसं क्रमानं लिहिते आहे.

आधी घटना सांगते, कारण तिच्याशिवाय या सहीला काही अर्थ नाही. २१ डिसेंबर १८१७ला महिदपूरच्या लढाईत हिस्लॉपच्या फौजेनं होळकरांचा पराभव केला. ६ जानेवारी १८१८च्या मंदसोरच्या तहात सातपुड्याच्या दक्षिणेकडचा होळकरांचा मुलूख इंग्रजांकडे गेला आणि त्यात खानदेशही गेला. सेंधव्याच्या बाजूनं सातपुडा उतरून हिस्लॉप २७ फेब्रुवारीला थाळनेरपुढे आला. तहानं किल्ला दिला गेला होता, पण किल्लेदार तुळशीराम मामा आणि त्याची अरब शिबंदी, म्हणजे किल्ल्यावरची फौज, किल्ला सोडायला तयार नव्हती. तोफा चालल्या. पुढे किल्लेदार स्वतः बाहेर आला आणि इंग्रजांच्या हाती लागला. आतल्या दरवाजाशी शिबंदीशी बोलणं चाललं होतं, पण एकमेकांची भाषा कळेना. तिथेच झटापट झाली आणि रॉयल स्कॉट्स पलटणीचे मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅकग्रेगर मारले गेले. त्यानंतर आतली शिबंदी कापली गेली आणि तुळशीरामला फाशी दिलं. दरवाजात मारामारी झाली तेव्हा तो आधीच ताब्यात होता, हे या प्रकरणातलं दुखणं आहे. मार्च १८१९मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात फौजेच्या आभाराचा ठराव आला, तेव्हा या फाशीवर आक्षेप घेतले गेले. ती चर्चा हॅन्सार्डच्या, म्हणजे पार्लमेंटातल्या चर्चांच्या नोंदींच्या, संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आठवीच्या मुलांना १८१८ शिकवताना पुण्याची, आष्टीची, कोरेगावची नावं येतात, आपल्या तालुक्याचं येत नाही. थाळनेरची मुलं वर्गात असतात. ‘मॅडम, त्या किल्लेदाराचं काही उरलंय का?’ असं त्यांच्यातल्या एकीनं विचारलं आणि मी शोधाला लागले.

म्हणजे मला आधी हवा होता तुळशीरामचा कागद. ऑगस्ट २०२३मध्ये मी धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात गेले. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ला धुळ्यातच गेले आणि त्यांचं दफ्तर सांभाळण्यासाठी पुढच्याच वर्षी हे मंडळ उभं राहिलं. खानदेशात जुन्या कागदाचं कुठलंही काम काढायचं असेल तर पहिला दरवाजा हाच. तिथे मला मोडी वाचणारे एक जाणकार काका भेटले. मी त्यांना ‘किल्लेदाराची सही’ म्हटलं, तर त्यांनी मला समोर बसवून मराठेशाहीतला कागद कसा पुरा होतो ते शिकवलं. आज आपण जिला सही म्हणतो ती त्या कागदांवर नसते. वर शिक्का, मजकूर कारकुनाच्या हातचा, शेवटी मोर्तब, म्हणजे मजकूर संपल्याचा छोटा शिक्का. मालकाचा स्वतःचा हात असला तर तो शेवटच्या दोन-चार शब्दांत सापडतो: ‘जाणिजे’, ‘बहुत काय लिहिणे’ अशा जागी अक्षर एकदम बदलतं. पाटलानं नांगराची निशाणी काढायची, बाईनं बांगडीची. ज्याला मोठ्यांच्या सह्या जमवायच्या आहेत त्यानं पेशवाईतल्या कागदात नाव शोधू नये, हाताची वळणं शोधावीत.

हे शिक्षण लगेच उपयोगी पडलं. दिवाळीच्या सुमाराला जुन्या वस्तूंच्या एका विक्रेत्याचा निरोप आला. त्याच्याकडे ‘राघोबादादांची सही’ असलेलं पत्र होतं आणि तो पंचवीस हजार मागत होता. फोटो पाहिला. मजकूर मोडीऐवजी बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, खाली डावीकडून उजवीकडे झोकात काढलेली पूर्ण नावाची सही, आणि कागद चहानं डागाळल्यासारखा सगळीकडे एकसारखा तपकिरी. राघोबादादा म्हणजे नारायणरावाच्या खुनाशी कायमचं जोडलं गेलेलं नाव. अशा बदनाम नावाला गिऱ्हाईक असतं, म्हणून त्यांच्या नावाचे खोटे कागदही निघू शकतात. मी नकार कळवला. फ्रान्समध्ये व्रँ-ल्युका नावाच्या माणसानं मिशेल शाल या नामांकित गणितज्ञाला क्लिओपात्राचीसुद्धा पत्रं विकली होती आणि ती फ्रेंच भाषेत होती. १८७०मध्ये त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. शालसारखा माणूस फसतो, कारण नाव पाहिलं की बाकी काही दिसेनासं होतं. तेव्हा विक्रेत्यानं नाव सांगितलं की आधी नाव बाजूला ठेवा आणि भाषा, लिपी, कागद हे तिन्ही त्या काळाचे आहेत का ते पाहा.

तुळशीरामची निशाणी हाती लागणं कठीण आहे, हे धुळ्याहून परतताना माझ्या लक्षात आलं होतं. मग उरला हिस्लॉप. इंग्रज अधिकारी रोज ढिगानं कागदांवर सह्या करत. त्यातला एखादा तरी बाजारात असणारच.

शोधाचे पहिले काही महिने फुकट गेले, कारण मी त्याला हिंदुस्थानात शोधत होते. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या अभिलेख पटल या पोर्टलवर नाव नोंदवलं, त्याला पैसे लागत नाहीत. तिथे थाळनेर किंवा खानदेश आजच्या इंग्रजी स्पेलिंगनं टाकून फारसं हाती येत नाही. त्या काळचे इंग्रज थाळनेर टी-ए-एल-एन-ई-आय-आर असं लिहीत आणि खानदेश सी-ए-एन-डी-ई-आय-एस-एच. ही स्पेलिंगं वहीत लिहून ठेवा, पुढचं काम निम्मं होतं. १८१८च्या लष्करी पत्रव्यवहारात हिस्लॉपचं नाव सापडायला लागलं, पण बहुतेक जागी नावाआधी कंसात ‘साइन्ड’ असा शब्द. त्याचा अर्थ ती नक्कल आहे: मूळ कागदावर साहेबाची सही होती एवढंच कारकून सांगतो आहे, नाव कारकुनाच्याच हातचं असतं. परदेशी लिलावांत असे नकलांचे कागदही ‘सहीसह’ म्हणून येतात. किंमत देण्याआधी नावाच्या डावीकडे नीट बघा.

वाट मिळाली ती त्याचं चरित्र वाचताना. हिंदुस्थानात येण्याआधी, १८०३ ते १८११, हा माणूस वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदादचा कारभार पाहणारा लेफ्टनंट गव्हर्नर होता. १८१२च्या डिसेंबरात हिंदुस्थानकडे येताना तो ज्या ‘जावा’ नावाच्या जहाजावर होता ते जहाज अमेरिकनांनी पकडलं. सह्यांच्या बाजारात त्याची ओळख थाळनेरची नाही, त्रिनिदादची आहे. याद्यांमध्ये तो ‘कॅरिबियन’ या मथळ्याखाली मिळतो. शोधाची सूचना मी तशी बदलून ठेवली आणि महिन्याभरात पहिला कागद दिसला.

त्रिनिदादचं वाचताना मला थांबावं लागलं. डिसेंबर १८०५मध्ये गुलाम बंड करणार या संशयावरून तिथे धरपकड झाली आणि माणसं फासावर गेली. गव्हर्नर हाच. थाळनेरच्या बारा वर्षं आधी, समुद्रापलीकडच्या एका बेटावर. तोपर्यंत मला वाटत होतं की दरवाजात आपली माणसं मेल्याच्या संतापात थाळनेरचा निर्णय झाला असेल. त्यानंतर तसं वाटणं कमी झालं. सही मिळवायचीच, हे त्या रात्री पक्कं झालं.

बाजारातले काही शब्द इथे सांगून टाकते, कारण वर्णनं त्याच भाषेत असतात. पूर्ण पत्र स्वतःच्या हातचं आणि खाली सही, तर ‘एएलएस’. मजकूर कारकुनाचा आणि सही साहेबाची, तर ‘एलएस’. सनद, नेमणूक, हुकूम असा कागद असेल तर ‘डीएस’. कागदातून फक्त सही कापून काढलेली असेल तर ‘कट’ किंवा ‘क्लिप्ड’. एकोणिसाव्या शतकात वहीत चिकटवण्यासाठी लोकांनी हजारो पत्रांच्या सह्या कापल्या. कट सगळ्यात स्वस्त मिळतात, पण तपासायला सगळ्यात अवघड, कारण भोवतीचा मजकूर, तारीख, पत्ता काहीच उरलेलं नसतं. माझं मत विचाराल तर नवख्यानं कटच्या वाटेला जाऊ नये. दोन-तीन हजार वाचतात, पण त्या चिठोऱ्यावर भरवसा ठेवायला आधार काही नाही.

मार्च २०२४मध्ये त्रिनिदादच्या एका नेमणूकपत्राचा लिलाव इंग्लंडमध्ये होता. तिथले सकाळचे दहा म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडचे दुपारचे साडेतीन, उन्हाळ्यात अडीच. माझी शाळा चालू असते. म्हणून आदल्या रात्रीच कमाल बोली नोंदवून ठेवली. बोली ठरवताना एक लक्षात ठेवायचं: हातोडा पडतो त्या किमतीवर खरेदीदाराचं प्रीमियम लागतं, बहुतेक ठिकाणी पंचवीस टक्के किंवा त्याहून जास्त, त्यावर तिकडचा कर, मग पाठवणी. शंभर पौंडांची बोली म्हणजे घरपोच शंभर पौंड नव्हे. मी ठरवलेल्या रकमेच्या तिपटीला तो कागद गेला. त्रिनिदादच्या इतिहासाचे संग्राहक जगभर आहेत आणि ते त्यांचंच होतं, त्यांच्याकडे गेलं. मला वाईट वाटलं, पण रागावायचं काही कारण नव्हतं.

त्यानंतर उन्हाळा कोरडाच गेला. मिस्टर म्हणायचे, एवढ्या पैशात किल्ल्यावर फलक लागला असता. त्यांचं चुकीचं नव्हतं, पण फलकाला ग्रामपंचायतीची, पुरातत्त्वाची परवानगी हा वेगळाच रस्ता आहे.

ऑगस्ट २०२४मध्ये एका ब्रिटिश दुकानदाराच्या यादीत ओळ दिसली: हिस्लॉप, मद्रास, १८१९, एलएस, लष्करी विषय. किंमत १४० पौंड. मद्रासच्या फौजेचा सरसेनापती म्हणून लिहिलेलं पत्र, म्हणजे थाळनेरनंतरचं. लिलावापेक्षा दुकानदाराकडची खरेदी महाग पडते असं म्हणतात, पण नवख्या माणसाला दुकानदार बरा. तो प्रश्नांची उत्तरं देतो, वाट पाहतो आणि खरेपणाची लेखी हमी देतो.

मी मेल लिहिला. आधी विचारलं, हा कागद तुमच्याकडे आला कुठून? उत्तर आलं: एका जुन्या घराण्याच्या संग्रहातून, १९७०च्या दशकातल्या लिलावाच्या पावतीसह. पावतीचा फोटो मागितला, तो मिळाला. हे विचारताना संकोच करू नका. चांगला दुकानदार या प्रश्नानं खूश होतो, आणि जो चिडतो त्याच्याकडून घेऊ नये. आणखी एक कारण आहे. सरकारी दफ्तरातून बाहेर निघालेले कागद बाजारात फिरतात, आणि आपल्या संग्रहासाठी कुठल्या तरी अभिलेखागाराची फाईल रिकामी व्हावी हे मला चालणार नव्हतं. फाईल क्रमांक, शिक्का किंवा कडेला ओवलेल्या दोऱ्याची भोकं असतील तर त्यांचा खुलासा मागा.

मग कागदाचे फोटो मागवले, त्यात एक उजेडासमोर धरून काढलेला. १७९४नंतर इंग्लंडमधल्या बऱ्याच कागदांत कारखान्याच्या नावाबरोबर वर्षाचा जलचिन्हात ठसा असतो. माझ्या कागदात १८१६ दिसलं. पत्र १८१९चं. कागद तयार होऊन, जहाजानं मद्रासला येऊन, कचेरीत पडून राहून मग वापरला जायला दोन-तीन वर्षं सहज लागत, तेव्हा हे जुळलं. जलचिन्हातलं वर्ष पत्राच्या तारखेनंतरचं असतं तर पुढे बोलायचं कारणच नव्हतं. शाई लोखंड-मायफळाची, वेळेनं तपकिरी पडलेली, जाड रेघांच्या कडेला किंचित पसरलेली. मजकुराची आणि सहीची शाई वेगळ्या छटेची होती. एलएसमध्ये असंच असतं: कारकून एका लेखणीनं लिहितो, साहेब दुसऱ्या दौतीतून सही करतो.

सही जुळवायला खात्रीचे नमुने लागतात. जुन्या लिलावांचे निकाल फोटोसह पाहता येतात, त्यातून काही मिळाले, आणि परदेशातल्या एका अभिलेखागारानं थोडक्या शुल्कात मूळ पत्राची प्रत पाठवली. नमुने शेजारी-शेजारी छापून मी अक्षरांची जोडणी, उतार, शेवटच्या अक्षराचा ओढ आणि सहीखालची रेघ पाहत बसायचे. तंतोतंत एकसारख्या दोन सह्या मिळाल्या तर उलट संशय घ्या, कारण खरा माणूस तशी सही दोनदा करत नाही. मी ते सगळं धुळ्याच्या काकांना दाखवलं. इंग्रजी हात त्यांचा विषय नाही, पण हात कुठे थबकला आहे आणि कुठे धावला आहे ते त्यांना दिसतं. ‘हा माणूस घाईत आहे,’ ते म्हणाले. नकलणारा घाईत नसतो.

पैसे देण्याआधी कायदा पाहून घेतला. १९७२च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे ऐतिहासिक मोलाचं हस्तलिखित किंवा दस्तऐवज ७५ वर्षांहून जुना असेल तर तो पुरावशेष ठरतो. नोंदणीची सक्ती मात्र अधिसूचनेत सांगितलेल्या वस्तूंना आहे: मूर्ती, चित्रं, आणि हस्तलिखितांमध्ये फक्त सचित्र हस्तलिखितं. साध्या पत्राला ती लागत नाही. याच कायद्यात दुसरी गोष्ट आहे आणि ती जास्त महत्त्वाची: असा कागद खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणून ‘आवडलं नाही तर परत करू’ या भरवशावर काही मागवू नका. दुकानदाराची परतीची हमी कितीही चांगली असली तरी इथून परत पाठवायचं म्हणजे पुरातत्त्व खात्याच्या परवानगीपासून सुरुवात. जी काही तपासणी करायची ती कागद तिकडे असतानाच.

बँकेत विचारपूस केली. खात्यातून परदेशी पाठवायचे तर बँकेचा अर्ज, पॅन, बिल, आणि माल आल्यावर कस्टमचं बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातीच्या नोंदीचा कागद, परत बँकेत द्यायचं. शाखेत असं काम कधी आलं नव्हतं, तरी तिथल्या मॅडमनी वरच्या कार्यालयात फोन करून सगळं लिहून दिलं. दुकानदार क्रेडिट कार्ड घेत होता, म्हणून मी शेवटी कार्डानंच पैसे दिले. कार्डाचा परदेशी वापर आधी ॲपमधून सुरू करावा लागतो आणि व्यवहार झाला की लगेच बंद करून टाकावा. कागदाचे आणि विमा उतरवलेल्या पाठवणीचे मिळून वीस हजारांच्या आसपास झाले, त्यावर बँकेचं चलन बदलण्याचं शुल्क.

पैसे सप्टेंबरात गेले, पण कागद निघाला नाही. ब्रिटनमधून पन्नास वर्षांहून जुनं हस्तलिखित बाहेर न्यायचं तर त्याची किंमत कितीही थोडी असो, निर्यात परवाना लागतो. तो आर्ट्स कौन्सिल इंग्लंड देतं. अर्ज दुकानदारच करतो, आपल्याला फक्त नाव-पत्ता द्यायचा असतो. दुकानदारानं ही वाट आधीच सांगितली होती, तरी ऑक्टोबर संपला, दिवाळी झाली, तेव्हा जीव टांगणीला लागला. कुणी परवान्याच्या भानगडीत न पडता साध्या पाकिटातून पाठवतो म्हणाला, तर नको म्हणा. पुढे हा कागद एखाद्या संग्रहालयाला द्यावासा वाटला तर ते पहिल्यांदा हेच विचारतील की तो रीतसर आला का. परवान्याची प्रत माझ्याकडे आहे आणि ती मी पत्राइतकीच जपते.

डिसेंबरच्या मध्यावर पाकीट मुंबईत आलं आणि थांबलं. कुरिअरच्या साइटवर ‘कस्टममध्ये’ एवढंच दिसत होतं. केवायसीसाठी आधार आणि पॅन अपलोड केलं. वैयक्तिक वापरासाठी मागवणाऱ्याला आयात-निर्यात क्रमांक लागत नाही, तरी अर्जात ती जागा रिकामी पाहून कुणीतरी विचारतंच. मग प्रश्न आला, वस्तू नेमकी काय आहे? बिलावर ‘हस्तलिखित पत्र’ एवढंच होतं. मी दुकानदाराकडून नवं वर्णन मागवलं: १८१९चं हस्तलिखित पत्र, वय दोनशे वर्षांहून जास्त, खासगी संग्रहासाठी, विक्रीसाठी नाही. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना कस्टमच्या वर्गवारीत ९७०६ हा स्वतंत्र मथळा आहे, तो बिलावर पहिल्यापासून लिहून घेतला तर हा वळसा टळतो. नाताळच्या सुट्ट्या मध्ये आल्या. कर, हाताळणी, क्लिअरन्स मिळून साडेपाच हजारांच्या घरात भरले. सगळा खर्च धरला तर सव्वीस हजारांवर गेला. शिक्षिकेच्या पगारात ही रक्कम लहान नाही, आणि मी ती भिशीच्या पैशातून उभी केली होती.

जानेवारीत, संक्रांतीच्या आठवड्यात, पाकीट शिरपूरला आलं. हात धुऊन, कोरडे करून उघडलं. सुती हातमोजे घालायची गरज नसते, उलट त्यानं कागदाची कड फाटण्याची भीती जास्त. धुतलेले कोरडे हात पुरतात. ओळखीच्या पतसंस्थेत नोटा तपासायचा जांभळा दिवा आहे, त्याखाली धरून पाहिलं. विसाव्या शतकाच्या मध्यानंतरच्या बऱ्याच कागदांत चमक आणणारी रसायनं असतात आणि ते निळसर चमकतात. माझा कागद मंदच राहिला.

पत्रात काय आहे ते आधी फोटोत वाचलं होतं, तरी हातात घेऊन वाचताना वेगळं वाटलं. एका लेफ्टनंटच्या रजेचा विषय आहे. तब्येतीच्या कारणानं रजा मागितली आहे आणि ती द्यावी अशी शिफारस सरसेनापती करतो. मी रोज शाळेत रजेचे अर्ज पाहते. तीच सावध भाषा, तोच आदर. खाली तो हात. त्याच हातानं थाळनेरला फाशीचा हुकूम झाला आणि त्याच हातानं एका आजारी पोराला घरी पाठवलं. मी बराच वेळ त्या सहीवर बोट ठेवू शकले नाही.

साठवणीचं बोलायचं तर आपला उन्हाळा पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो आणि कागद तडकतो, पावसाळ्यात दमट होतो आणि कसर लागते. लॅमिनेशन कधीच करू नका, सेलोटेप लावू नका. भिंतीवर फ्रेममध्ये टांगायचं असेल तर रंगीत प्रत टांगा. मी मूळ कागद आम्लविरहित फोल्डरमध्ये, पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवला आहे. कपाट घराच्या आतल्या भिंतीला, पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीपासून दूर. डांबरगोळ्या त्या खणात नाहीत. बिल, हमीपत्र, परवाना, बिल ऑफ एन्ट्री यांची वेगळी फाईल आहे आणि स्कॅन दोन जागी ठेवले आहेत.

फेब्रुवारीत छापील प्रत घेऊन मी थाळनेरला गेले. फारुकींच्या कबरी पाहून मुलांना किल्ल्याच्या बाजूला नेलं, तापी दाखवली. तिथले एक आप्पा प्रत हातात घेऊन उभे राहिले आणि अहिराणीत म्हणाले, ‘‘मॅडम, फाशी देनारानी सही तुम्ही लई उन्यात. ज्याले फाशी दिधी त्यानं नाव कोठे शे?’’

प्रतीखाली मी हिस्लॉपची माहिती लिहिली होती. ती काढून नव्यानं लिहिली: तुळशीराम मामा, किल्लेदार, थाळनेर, २७ फेब्रुवारी १८१८. हे ठळक अक्षरात वर. त्याखाली लहान अक्षरात, वरील सही त्यांना फाशी देणाऱ्या सेनापतीची. ही नवी प्रत आता आमच्या शाळेत आहे, एक आप्पांकडे आहे आणि सहीचं मोठं स्कॅन मी धुळ्याला मंडळात दिलं आहे. तुमच्या हाती हिस्लॉपचा म्हणून एखादा कागद आला तर पैसे देण्याआधी तिथे जाऊन ताडून पाहा. होळकरांच्या बाजूचे थाळनेरचे मोडी कागद कुणाच्या घरी असतील तर तेही तिथेच दाखवा, काका आठवड्यातून दोनदा दुपारी येतात.